केरवारा, सारवण आणि वेळापत्रक

घराच्या साफसफाईचं वेळापत्रक ही मोठी मजेशीर चीज आहे. ते करायला अर्धा तास लागतो, भिंतीवर चिकटवायला एक मिनिट आणि मोडायला साधारण तीन दिवस. सोमवारी पंखे, मंगळवारी खिडक्या, बुधवारी बाथरूम... बुधवारी नेमके पाहुणे येतात, नाहीतर पाणी जातं, नाहीतर कुणाला तरी ताप येतो. गुरुवारी त्या कागदाकडे बघायची इच्छा उरत नाही. मग दिवाळीच्या आधी सगळं घर एकदम उपसायचं, कंबर धरून बसायचं आणि म्हणायचं, "आपल्या आज्या हे सगळं कसं करायच्या कोण जाणे!"

या "कसं करायच्या"ची उत्तरं आपल्याकडे दोनच असतात. एक म्हणजे, तेव्हा बायका कामसू होत्या, घरं आरशासारखी लख्ख होती, आता सगळे आळशी झाले. दुसरं म्हणजे, तेव्हा कसली आली स्वच्छता, शेणामातीची घरं ती! दोन्ही उत्तरं सोयीची आहेत, पण त्यातून एक साधी गोष्ट कळत नाही. त्या घरांत रोज काय होत होतं, महिन्याला काय, वर्षाला काय? कुठलं काम कधी व्हायचं, आणि कुठलं चक्क सोडून द्यायचे?

हे शोधायला "जुन्या काळची घरं" असं मोघम बोलून चालत नाही. घर हे कुठल्यातरी मातीवर, कुठल्यातरी पावसात उभं असतं. म्हणून मी एकच खोरं घ्यायचं ठरवलं, शिवथरचं. महाडहून भोरकडे जाणारा रस्ता वरंध घाट चढायला लागतो, त्याच्या पायथ्याशी डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेलं हे खोरं आहे. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावं. एके काळी जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा हा मुलूख. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली तेव्हा तो स्वराज्यात आला.

बहुतेकांना शिवथर माहीत असतं ते घळीमुळे. समर्थ रामदासांनी इथे बसून दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला, असं समर्थ संप्रदायाची परंपरा सांगते. जागा मधल्या काळात विस्मरणात गेली होती. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती शोधून काढली. आता स्वच्छतेच्या लेखात दासबोध कशाला, असं वाटेल. पण वीस दशकं आणि दोनशे समासांच्या त्या ग्रंथात अध्यात्माइतकंच लक्ष रोजच्या वागण्याकडे आहे. हस्ताक्षर कसं असावं इथपासून भिक्षा कशी मागावी इथपर्यंत. आणि त्यात एक दिनचर्यासुद्धा आहे.

ती अकराव्या दशकातल्या तिसऱ्या समासात सापडते. पहाटे उठा, पाठांतर करा, बाहेर जाऊन या, तोंड धुवा, आंघोळ करा, धुतलेले कपडे घाला, देवपूजा, जेवण, मग वाचन-चर्चा, मग आपापला उद्योग. त्यात एक बारीकशी सूचना आहे ती मला फार आवडते. बाहेर जाऊन परत येताना रिकाम्या हातानं येऊ नये, काहीतरी घेऊन यावं. आजकाल घर आवरण्याच्या पुस्तकांतून "एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना हात रिकामे नेऊ नका" हा कानमंत्र दिला जातो, तो साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठीत होताच की!

दुसरी जागा मूर्खलक्षणांची. दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास. ज्याचे दात, डोळे, नाक, हात, कपडे आणि पाय मळलेले असतात त्याला समर्थांनी मूर्खांत बसवलंय. पण नीट वाचलं तर तिथे एक अट आहे. नेहमीच, सदासर्वदा मळलेले असतात, तो मूर्ख. शेतातून आलेल्या माणसाचे पाय मळणारच. ते मळण्यात मूर्खपणा नाही, ते तसेच ठेवण्यात आहे. मला वाटतं, घराच्या स्वच्छतेचा कुठलाही व्यवहारी नियम या एका अटीवर उभा राहतो. घर कधीच घाण होणार नाही अशी प्रतिज्ञा करणारं वेळापत्रक तिसऱ्या दिवशी मोडतं. झालेली घाण कायमची राहणार नाही एवढंच म्हणणारं वेळापत्रक टिकू शकतं.

अर्थात घळीत राहणाऱ्या संन्याशाला झाडायला असून असून किती असणार! ना चूल, ना फडताळ, ना पोरंबाळं. समर्थांची दिनचर्या अंगाच्या स्वच्छतेची आहे, घराच्या नाही. घराची दिनचर्या घळीच्या खाली, खोऱ्यातल्या घरांत चालू होती. ती कुणी ओवीबद्ध केली नाही.

ते घर कसं होतं? मातीच्या किंवा कुडाच्या भिंती, पुढे पडवी, ओटी, मग माजघर, चुलीची जागा, मागे न्हाणी, बाजूला गोठा. वर आधी गवताचं छप्पर, मग नळ्यांची कौलं. मंगलोरी कौलं बरीच नंतरची. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, आणि ती कौलं हळूहळू कोकणभर पसरली. खाली मातीची जमीन. आणि सगळ्या दिनक्रमाचं मूळ या जमिनीत आहे.

मातीची जमीन धुता येत नाही, पुसता येत नाही. ती वापरानं उखडते, तिची धूळ होते. म्हणून तिच्यावर शेणाचा पातळ थर द्यायचा. शेणातला न पचलेला गवताचा चोथा मातीचे कण धरून ठेवतो, वर एक घट्टसर पापुद्रा येतो, धूळ उडायची थांबते. म्हणजे सारवण हे फरशी पुसण्यासारखं काम नव्हतंच. ते रंगकामासारखं होतं. दर थोड्या दिवसांनी नवी जमीन करायची. जिथे वावर जास्त तिथे लवकर, जिथे कमी तिथे उशिरा. चुलीपुढची जागा आणि उंबऱ्याच्या आतली जागा आधी उखडणार, कोपऱ्यातली कणगी असते तिथली जमीन महिनोन्‌महिने तशीच राहणार. "आज मंगळवार म्हणून माजघर" असा हिशेब नव्हता. जमीन स्वतःच सांगायची.

रोजचं काम मोजकं होतं. पहाटे चुलीतली राख काढायची, चुलीला पोतेरं फिरवायचं. केर काढायचा. दारात सडा. गोठ्यातलं शेण काढायचं. भांडी राखेनं घासायची, तीच पहाटे काढलेली राख, सोबतीला नारळाची शेंडी. बस्स. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, की यातलं जवळपास काहीच "फेकायचं" नव्हतं. राख भांड्यांना. शेण सारवणाला, गोवऱ्यांना, खताला. केर उकिरड्यावर, उकिरडा शेतात. आंगणातला आणि रानातला पातेरा गोळा करून भातरोपांच्या राबाला. राब म्हणजे रोपं टाकायची जागा पालापाचोळा आणि शेणानं भाजून घेणं. आपल्याला झाडलोट म्हणजे घरातून काहीतरी बाहेर टाकणं वाटतं. तिथे ते एका जागेवरून दुसऱ्या उपयोगाच्या जागेवर नेणं होतं. त्यामुळे "आज कंटाळा आलाय, राहू दे" असं सहसा होत नसे. राख काढली नाही तर भांडी कशानं घासणार?

आता वर्षाचा हिशेब बघा, आणि तोच मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात आगोटीची कामं. घर शाकारायचं, कौलं परतायची, माळ्यावर सुकं सरपण आणि गोवऱ्या चढवायच्या, गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. गोधड्या मे महिन्यातच का? कारण जूनमध्ये भिजलेली गोधडी सप्टेंबरपर्यंत वाळणार नाही. इतकं साधं.

मग पाऊस. आणि पावसात काय करायचे? बरंचसं सोडून द्यायचे! पुढचं खळं, म्हणजे आंगण, चार महिने पावसाच्या आणि गवताच्या स्वाधीन. सारवण ओल्या हवेत वाळत नाही, म्हणून अगदी लागेल तेवढंच. भिंतींना ओल येणार, कपड्यांना वास येणार. चूल मात्र पेटती, कारण तिच्या धुरानं घर कोरडं राहतं आणि किडे कमी होतात. आणि बाई घरात असतेच कुठे? जुलैत भाताची लावणी. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बाईनं संध्याकाळी येऊन जळमटं काढावीत अशी अपेक्षा कुणी करत नसे. तेव्हा घर "बरं" असलं की पुरे.

गणपतीच्या आधी एक हात फिरायचा, कारण गौरी-गणपती घरात येणार आणि मुंबईचे चाकरमानीही येणार. आणि खरी मोठी सफाई पाऊस संपल्यावर. गवत काढायचं, खळ्यात माती टाकायची, पाणी मारून चोपण्यानं चोपायची, मग सारवायची. दसरा-दिवाळीला खळं नवं कोरं. आपल्याला वाटतं दिवाळीची म्हणून साफसफाई. पण त्या खळ्यावर पुढे भात झोडायचं असतं! जमीन सारवलेली नसेल तर दाण्यात माती मिसळणार. सण आणि शेती एकमेकांत अशी गुंतलेली होती की सफाई नक्की कुणासाठी, लक्ष्मीसाठी की भातासाठी, हे सांगता येऊ नये. बहुधा दोघांना वेगळं काढायचं कारणच पडत नव्हतं.

थोडक्यात काय, तर त्या वेळापत्रकाला तीन थर होते. रोजचं अगदी थोडं, पण चुकवायचं नाही. मधलं जमीन सांगेल तेव्हा. आणि वर्षाचं मोठं, पावसाच्या अलीकडे आणि पलीकडे. शिवाय चार महिने जाहीर सूट. ही सूट हाच मला त्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. आपल्या भिंतीवरच्या कागदावर सुटीचा रकाना कधी असतो का?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई पहिल्याच टोकाकडे निघाली, जुनं ते सोनं! नाही. कारण या सुंदर हिशेबात पाऊस मोजला होता, ऊन मोजलं होतं, शेण मोजलं होतं, भाताचा दाणा मोजला होता. एकच गोष्ट मोजली नव्हती, ती म्हणजे हात.

सासू, एकदोन सुना, लग्न व्हायची लेक, कधी विधवा नणंद. एवढे हात गृहीत धरूनच तो दिनक्रम बसवलेला होता. त्यातला एक जरी गळला, कुणी बाळंत झाली, कुणी आजारी पडली, तर तिचं काम दुसरीच्या पाठीवर. पहाटे चारला जात्यावर बसलेली बाई रात्री सगळ्यांच्या मागून जेवायची, मधल्या तासांची नोंद कुणाकडे आहे? १८८३ साली इंग्रज सरकारनं कोलाबा जिल्ह्याचं जाडजूड गॅझेटिअर छापलं (आताचा रायगड तेव्हा कोलाबा). त्यात भात, मीठ, बंदरं, घाट, जाती, घरं यांची वर्णनं आली. पण एक घर झाडायला, सारवायला, पाणी आणायला किती तास लागतात, हा प्रश्न तेव्हाच्या जगात कुठल्याच सरकारला पडत नव्हता. आपल्याकडे तो पडायला विसावं शतक संपत यावं लागलं. १९९८-९९ साली सहा राज्यांत वेळेच्या वापराची प्रायोगिक पाहणी झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. सबंध देशाची पहिली पाहणी २०१९ साली. तिच्यात दिसलं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय असं काम करणाऱ्या पुरुषांची संख्याच थोडी. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांची नऊ! प्रगती म्हणायची ती ही.

एक विरोधाभास मला नेहमी टोचतो. हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडणारा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडणारा पुरुष या महाराष्ट्रात होऊन गेला. गाडगेबाबा (१८७६-१९५६). त्यांच्या नावानं सरकारनं २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, गावांना बक्षिसं दिली, आणि त्यातून कितीतरी गावं खरोखर पालटली. बाबांचं मोठेपण निर्विवाद आहे. पण त्यांच्या खराट्याचं आपल्याला इतकं अप्रूप वाटलं, त्याचं एक कारण हेही असावं की तो पुरुषाच्या हातात होता आणि रस्त्यावर होता. उंबऱ्याच्या आतली केरसुणी रोजच चालते; तिला संतपद नाही आणि बक्षीसही नाही.

हातांच्या आधी पाणी मोजावं लागतं, आणि पाण्याची गोष्ट निघाली की शिवथरच्या खोऱ्यातून खाली महाडला उतरावंच लागतं.

महाडचं चवदार तळं. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनं त्यानुसार ठरावही केला. पण तळं कागदावरच खुलं राहिलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. नंतर काय झालं? सत्याग्रहींवर हल्ले झाले. आणि मग गावातल्या सवर्णांनी तळं "शुद्ध" केलं. १०८ घागरी पाणी तळ्यातून काढून, दूध-दही-तूप-शेण-गोमूत्र यांचं पंचगव्य घालून. कोर्टकचेरी चालली ती १९३७ सालापर्यंत, तेव्हा कुठे उच्च न्यायालयानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला.

आता हे नुसतं स्वच्छतेच्या नजरेनं बघा. ज्या तळ्यात जनावरं पाणी पीत होती, ते तळं माणसाच्या ओंजळीनं "घाण" झालं आणि शेण घालून "साफ" झालं! शिवथरच्या जमिनीवर शेण म्हणजे एक व्यवहारी लेप होता. महाडच्या तळ्यात तेच शेण माणसाला बाहेर ठेवण्याचं साधन झालं. स्वच्छता आणि शुद्धी या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या घरांत त्या कायम एकमेकींत मिसळलेल्या असतात. सोवळ्याच्या स्वयंपाकघराशेजारची मोरी वर्षानुवर्षं बुळबुळीत असू शकते. घरकाम करणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवणाऱ्या घरात फ्रिजमागे झुरळांची वसाहत असू शकते.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद झाली, आणि तिथे जमलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब वेगळे बोलले. नीट लुगडं नेसा, अंगावरच्या जातीच्या खुणा टाका, स्वच्छ राहा, मुलांना स्वच्छ ठेवा. पण क्रम लक्षात घ्या. आधी पाण्यावरचा हक्क, मग स्वच्छतेचा आग्रह. पाणी नाकारायचं आणि वर "ते लोक अस्वच्छ असतात" म्हणायचं, ही लबाडी त्यांनी बरोबर उलटी केली. आजही हे लागू आहेच. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या महाड-पोलादपूर तालुक्यांतल्या डोंगरावरच्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघावी लागते. जिथे दोन हंड्यांत दिवस काढायचा, तिथे "आठवड्यातून दोनदा फरशी पुसा" हा सल्ला थट्टाच ठरतो.

या खोऱ्यातली माणसं मुंबईला गेली ती गिरण्यांत. पहिली कापडगिरणी १८५४ ची. पुढची सव्वाशे वर्षं कोकण मुंबईला माणसं पुरवत राहिलं. आधी पुरुष एकटे, मग कुटुंबं. बीडीडी चाळीतली खोली म्हणजे १६० चौरस फूट. संडास सामाईक, गॅलरी सामाईक. तिथे जमीन सारवायची नव्हती, पाऊस घरात येत नव्हता, पण नवा मालक आला होता, नळ! पाणी येईल तेव्हा दिवस उजाडणार. पिंप भरायचं, धुणं उरकायचं, आणि गॅलरी धुवायची पाळी. ही "पाळी" मला महत्त्वाची वाटते. चाळीत सामाईक जागेचं काम नावावर लावलेलं असायचं. आज अमक्या खोलीची पाळी, उद्या तमक्या. भांडणं व्हायची, पण काम कुणाचं हे माहीत असायचं. खोलीच्या आत मात्र पाळी नाही. आत सगळं तिचंच.

आणि मग आली साधनं. सर्फ १९५९ साली, निरमा १९६९ साली, स्टीलची भांडी, मोझॅकच्या लाद्या, गॅस, पुढे वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर. गॅसनं चुलीची काजळी गेली, हा उपकार फार मोठा आहे, तो लहान मानू नये. पण एकूण वेळ वाचला का? अमेरिकेत जोअॅन व्हॅनेक नावाच्या अभ्यासक बाईंनी १९७४ साली जुन्या पाहण्या काढून दाखवलं, की तिथल्या पूर्णवेळ गृहिणी १९२४ साली आठवड्याला ५२ तास घरकाम करत होत्या आणि १९६० च्या दशकात, घर यंत्रांनी भरल्यावर, ५५ तास! यंत्रानं प्रत्येक काम हलकं केलं, पण अपेक्षा वाढल्या. धुणं आठवड्याचं होतं ते रोजचं झालं. वर्षातून एकदा धुतली जाणारी गोधडी जाऊन महिन्यातून दोनदा बदलायची चादर आली. आपल्याकडेही वेगळं काय घडलं? मातीच्या जमिनीवर डाग दिसत नव्हते. पांढऱ्याशुभ्र लादीवर केसही दिसतो.

वस्तूंचं तर बोलायलाच नको. खोऱ्यातल्या त्या घरात चार भांडी, दोन ट्रंका, गोधड्यांची चवड आणि कणगी. झाडताना उचलायचं काय? आज एक हॉल पुसायचा तर आधी तीस वस्तू उचलाव्या लागतात. घर मोठं झालं, वस्तू वाढल्या, मानक उंचावलं, आणि हात? पाचाचे एक-दोन झाले, तेही नोकरीवरून दमून येणारे. तरी डोक्यात वेळापत्रक अजून पाच हातांचं आहे. मला वाटतं आपला कागद तिसऱ्या दिवशी फाटतो तो इथे.

ज्यांना जमतं ते हात विकत घेतात. मुंबई-पुण्यात धुणंभांडी, केरफरशी करणाऱ्या बायकांत याच डोंगराळ तालुक्यांतून आलेल्या कितीजणी असतात. त्यांच्यासाठी २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण आपलं व्यवहारी वेळापत्रक ज्या बाईच्या जिवावर चालतं, तिच्या स्वतःच्या घराचं वेळापत्रक काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. सहा घरं पुसून ती रात्री सातव्या घरात जाते. ते तिचं असतं.

आणि कधीकधी सगळीच वेळापत्रकं वाहून जातात. २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडमध्ये घुसलं, तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला, ऐंशीहून जास्त माणसं गेली; पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. २००५ सालच्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांनी हेच भोगलं होतं. पाणी ओसरल्यावर महाडच्या घराघरांत गाळ होता. तेव्हा कुणी विचारलं नाही की हे बायकांचं काम आहे की पुरुषांचं. सगळ्यांनी फावडी घेतली. बाहेरगावची सफाई पथकं आली, अनोळखी पोरं येऊन दुसऱ्याच्या माजघरातला चिखल उपसू लागली. आधी वाट मोकळी, मग पिण्याचं पाणी, मग चूल, मग झोपायची जागा. बाकीचं सगळं नंतर. कुणी शिकवलेला नसताना हा क्रम सगळ्यांना ठाऊक होता. घराची कमीत कमी स्वच्छता म्हणजे काय, याची याहून खरी यादी मला माहीत नाही.

मग व्यवहारी वेळापत्रक कसं असावं? मी काही गृहविज्ञानाची तज्ज्ञ नाही. पण या खोऱ्यानं जे सुचवलं ते माझ्यापुरतं असं. रोजची कामं चारच ठेवावीत, ती चुलीभोवतीची आणि पाण्याभोवतीची : ओटा, भांडी, केर, मोरी. मधली कामं वारावर न लावता जमीन सांगेल तेव्हा करावीत. ज्या कोपऱ्यात वावर नाही तो महिनाभर तसाच राहिला तर आभाळ कोसळत नाही. मोठी कामं ऋतूला बांधावीत. पांघरुणं मे महिन्यात, कपाटं पाऊस संपल्यावर. पावसात पडदे धुवायला काढून घरभर कुबट वास पसरवण्यात काही शहाणपण नाही. घरात परीक्षा, आजारपण, बाळंतपण असेल तर ती आपली लावणी समजावी आणि आंगणात गवत उगवू द्यावं. पुढे खळं पुन्हा करता येतं. सदासर्वदा घाण राहिलं नाही म्हणजे झालं. समर्थांच्या यादीतून आपण सुटलो.

आणि शेवटचा रकाना, जो त्या जुन्या हिशेबात कधीच नव्हता. प्रत्येक कामापुढे नाव लिहावं. "घरातले सगळे मिळून" असं लिहू नये, त्याचा अर्थ नेहमी एकच बाई असा होतो. चाळीच्या गॅलरीला जशी पाळी होती तशी घराच्या आत आणावी. मोरी कुणाची, केर कुणाचा, भांडी कुणाची, आणि ते नाव दर आठवड्याला फिरावं. कामं किती करायची हा वाद मग आपोआप मिटतो. ज्याला मोरी घासायची असते, तो ती किती लख्ख हवी याबद्दल फार बोलत नाही.